तहसीलसमोरचं झेरॉक्सचं दुकान: ग्रामपंचायतीला उभं राहायचं असंल तर आधी इथं जा (४ स्टार)

पहिलंच सांगते, दुकानाचं नाव टाकत नाही. दुकान चालवणाऱ्या अप्पांनीच नको म्हणलंय, आधीच रांग आवरंना म्हणे. पण लातूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी तहसीलसमोर उतरून कुणालाही अप्पाचं झेरॉक्स कुठंय विचारा, रसवंतीवाला पण हातातलं काम न सोडता मानेनं दाखवतो. दहा बाय बाराचं पत्र्याचं दुकान, दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन जिचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा, बाहेर एक लाकडी बाकडं. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, स्कॉलरशिप, म्हणजे बाकीच्या सेंटरवर होतं तेच सगळं इथं होतं, आणि त्यासाठी मुद्दाम रिव्ह्यू लिहायची काही गरज नव्हती. मी लिहायलेय ते एकाच कामासाठी, ग्रामपंचायतीचा उमेदवारी अर्ज. २०२१ ला निवडून आलेल्या बॉड्यांची पाच वर्षं भरत आली तेव्हापासून गावातली पोरंपोरी मला सारखं विचारायलेत की तू फॉर्म कुठं भरला होतास, काय काय लागतं, किती पैसे गेले. प्रत्येकाला फोनवर सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून टाकते.

दुकानात शिरताना डाव्या हाताला एक पुठ्ठा लटकवलेला आहे, स्केचपेननं लिहिलेला: "२१ पूर्ण? आत या. १८ पूर्ण? यादीत नाव आहे का बघून घ्या. दोन्ही नाही? झेरॉक्स २ रुपये." मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसायला आलं होतं. नंतर कळलं की अप्पा हे गमतीनं नाही लिहीत, त्यांना खरंच चीड आहे की पोरं मतदानाला रांगेत उभी राहतात, प्रचाराला गाड्या फिरवतात, गुलाल उधळतात, पण फॉर्मवर सही करायची वेळ आली की चुलत्याला पुढं करतात.

आता माझी गोष्ट. डिसेंबर २०२०. कोरोनामुळं होस्टेल बंद, मी एमेस्सी फर्स्ट इयरला, गावात बसून मोबाईलवर लेक्चर बघते, रेंज यायची म्हणून शेतातल्या विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसायचं. राज्यात चौदा हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुका एकदम लागल्या, त्यात आमची पण. आमच्या वार्डात एक जागा ओबीसी महिलेसाठी सुटली. पॅनलवाल्यांनी रात्री आमच्या ओट्यावर येऊन ठरवून टाकलं की वहिनीला उभं करा, म्हणजे माझ्या आईला. आईला कुणी विचारलं नाही. मला तर नाहीच. खरं सांगायचं तर मला पण त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, महिला राखीव म्हणजे कुणाची तरी आई नाहीतर बायको, नाव तिचं अन् मीटिंगला बाप्या माणूस, हे लहानपणापासून बघितलेलं.

फॉर्म भरायची मुदत २३ ते ३० डिसेंबर, पण मधे नाताळ, चौथा शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी आली, म्हणजे हातात पाचच दिवस. आम्ही २८ ला, सोमवारी गेलो. पप्पा, आई अन् मी, मी फक्त यासाठी की ऑनलाइन काय ते पप्पांना कळत नाही. तहसीलच्या आवारात नुसती जत्रा. मास्क हनुवटीवर, जिकडं तिकडं बोलेरो, अन् प्रत्येक सेंटरपुढं पन्नास-साठ माणसं. दोन सेंटरवाल्यांनी उद्या या म्हणून हाकलून दिलं. तिसरं अप्पांचं.

तिथं काय झालं ते जसंच्या तसं सांगते, कारण या दुकानाची खरी सर्व्हिस तीच आहे.

अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला अन् विचारलं, "जागा कशाची, तात्या?"

"ओबीसी महिला."

"वहिनींची व्हॅलिडिटी?"

पप्पा म्हणले जातीचा दाखला आहे की. अप्पा म्हणले, दाखला वेगळा अन् व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, वेगळी. पडताळणी समितीकडं प्रकरण टाकल्याची पावती जोडून फॉर्म भरता येतो, पण निवडून आल्यावर मुदतीत व्हॅलिडिटी आणून दिली नाही तर पद जातं, मग गुलाल धुवायच्या आधी घरी. अन् वहिनींचे पुरावे म्हणजे माहेरचे, त्यांच्या वडिलांचे, आजोबांचे, शाळेचा निर्गम उतारा कुठं आहे का बघा. आईचे आजोबा शाळेतच गेले नव्हते, उतारा कुठून आणायचा.

मग अप्पांची नजर माझ्याकडं. "ही कोण?"

"पोरगी. लातूरला एमेस्सी करती."

"वय गं किती?"

"बावीस."

"यादीत नाव?"

"हाय, गावातच."

"अन् तुझी व्हॅलिडिटी?"

"हाय की. बारावीला काढलेली, ॲडमिशनला."

अप्पांनी कीबोर्डवरचा हात काढून घेतला. "तात्या, कागद पोरीचे पूर्ण, वय पूर्ण, शिक्षण तर विचारूच नका. ९५ नंतर जन्मलेल्याला सातवी पास लागती, ही एमेस्सी. मग मी फॉर्म आईचा कामून भरायचा, ते सांगा."

पप्पा गप्प. रांगेतले चारपाच जण पण कान टवकारून. मागून एक जण म्हणला, पोरगी उद्या लग्न करून जाईल, मग वार्डाचं काय. अप्पा त्याच्याकडं न बघता म्हणले, गेली तर राजीनामा देईल, पोटनिवडणूक लागंल, सरकार बघून घेईल. तुझ्या वार्डातला माणूस गेल्या टर्मला पुण्याला होता की कंपनीत, त्याचं लग्न झालं होतं का?

तेव्हा आई बोलली. इतका वेळ ती मास्कच्या आडून फक्त बघत होती. म्हणली, "तिचाच भरा. मला सही करायला बोलावतील, बोलायला नाही बोलवायचे." अन् पदराची गाठ सोडून शंभरची नोट काढून माझ्या हातात दिली. अनामत. सर्वसाधारण जागेला ५०० अन् राखीवला १०० असते, ती तिनं घरून निघतानाच बांधून आणली होती, नोटेवर हळदीचा पिवळा डाग.

आता इथं अप्पांचा फायदा काय? काहीच नाही. फॉर्म आईचा भरला असता तरी तेवढेच पैसे मिळाले असते, उलट व्हॅलिडिटीची फाईल करायचे अजून मिळाले असते. म्हणून म्हणते, फॉर्म कुठंबी भरतो, पण तो कुणाच्या नावानं भरायचा हे विचारणारं सेंटर मी दुसरं नाही बघितलं.

कागदांची जी यादी अप्पांनी झेरॉक्सच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून दिली ती अजून माझ्याकडं आहे. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, यादीतल्या नावाचा उतारा, जन्मतारखेचा पुरावा, अपत्याचं घोषणापत्र (सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त मुलं झाली असतील तर अपात्र, माझ्या बाबतीत प्रश्नच नव्हता तरी रकाना भरावा लागतो), निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं, घरपट्टी-पाणीपट्टी थकीत नसल्याचा दाखला, घरात संडास असून वापरतो त्याचं, सरकारी जागेवर अतिक्रमण नाही त्याचं, ग्रामपंचायतीचं कंत्राट घेतलेलं नाही त्याचं. अन् सूचक, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवणारा, तो त्याच वार्डाच्या यादीतला पाहिजे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं अन् ते शेजारच्या वार्डातला जिगरी दोस्त घेऊन येतात.

यातल्या दोन कागदांनी आमचा जीव काढला. घरपट्टी तीन वर्षांची थकलेली होती, ते सोयाबीनच्या पैशातून भरलं. दुसरं संडास. आहे आमच्याकडं, अनुदानात बांधलेला, पण त्यात कडब्याच्या पेंढ्या अन् फवारणीचा पंप ठेवलेला होता. अप्पांनी सरळ विचारलं, वापरता का नुसताच बांधलाय? पप्पा म्हणले वापरतो. अप्पा म्हणले, तात्या, छाननीला विरोधी पॅनल हरकत घेतं, फोटो काढून आणतं, आज घरी गेल्या गेल्या मोकळा करा. त्या रात्री टॉर्च लावून आम्ही तो मोकळा केला अन् तेव्हापासून खरंच वापरतो. निवडणुकीनं आमच्या घरात केलेला पहिला विकास हाच.

मला सगळ्यात जास्त राग आला तो याचा, की हे सगळं मला माहीतच नव्हतं. लातूरला अकरावी-बारावीला राहिले, फिजिक्सचं डेरिव्हेशन झोपेत विचारलं तर सांगितलं असतं. २०१६ ला बारावीची परीक्षा होऊन सीईटीची तयारी करत होतो तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं, आम्ही रूमवर एका बादलीत दोघी. तरी आपल्या गावच्या पाण्याचा ठराव कोण घेतं, कुठं घेतं, त्याला किती माणसं हजर लागतात, हे एकाही सरांनी शिकवलं नाही अन् आम्हीपण विचारलं नाही. मार्काला नव्हतं ना. अप्पांच्या बाकड्यावर पंधरा मिनिटात जे कळलं ते पुस्तकातल्या ७३ व्या घटनादुरुस्तीच्या धड्यात वाचलं होतं, १९९३ ला लागू झाली वगैरे, पण ती आपल्यासाठी आहे असं कधी वाटलंच नाही.

आता तक्रारी, कारण पाच स्टार का नाहीत तेपण कळलं पाहिजे.

एक नंबर तक्रार, अप्पांचा पोऱ्या. कामाला ठेवलेला आहे, टायपिंगला फास्ट, पण तोंडाला कुलूप नाही. आम्ही दुकानातून निघून, बँकेत जाऊन, पाहुण्यांकडं चहा घेऊन गावात येईपर्यंत गावात बातमी आधी पोचलेली की फॉर्म आईचा नाही, पोरीचा आलाय. पॅनलप्रमुख आमच्या ओट्यावर पाय पसरून बसलेले. त्या रात्री जे बोलणं झालं ते इथं लिहीत नाही. थोडक्यात काय तर आम्हाला न विचारता पोरीला कसं काय उभं करता, लग्नाला स्थळं यायची नाहीत, पोरगी हिशोब मागत बसंल. हे शेवटचं बरोबर निघालं. पॅनलनं आमचं नाव काढून टाकलं अन् मला अपक्ष म्हणून लढावं लागलं (तसं ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतंच, सगळेच कागदावर अपक्ष, पण गावात पॅनल म्हणजेच पक्ष). सांगायचा मुद्दा, सगळ्या पॅनलचे फॉर्म जिथं भरले जातात तिथं कुणाचं काय चाललंय हे बाहेर जाता कामा नये. अप्पांना मी हे तोंडावर सांगितलंय. त्यांनी पोऱ्याचा कान पिरगाळला, माझ्यासमोरच, पण त्यानं काय होतंय.

दोन, त्याच पोऱ्यानं पप्पांच्या नावातली वेलांटी चुकवली. ऱ्हस्वची दीर्घ. यादीत एक, फॉर्मवर एक. मी प्रिंट काढायच्या आधी स्क्रीनवर वाचलं म्हणून वाचले, नाहीतर छाननीला वाद झाला असता. तेव्हा सबमिटवर क्लिक करू द्यायच्या आधी स्वतः वाचा, आडनावापासून वार्ड नंबरपर्यंत सगळं, मागचे ओरडत असले तरी.

तीन, रेट. पहिल्या दिवशी फॉर्मचे १५० सांगितले, ३० तारखेला मी दुसऱ्या एका कागदासाठी गेले तर तोच रेट ३०० झालेला. विचारलं तर म्हणे रात्रभर जागायलोत आम्ही. बरोबर असंल, पण मग बोर्डावर लिहा ना तसं.

चार, बायकांना बसायला जागा नाही. एकच बाकडं, त्यावर सदा पुढारी. आई तीन तास उभी होती. अन् ज्या दुकानात संडास वापरत असल्याचं घोषणापत्र छापून मिळतं तिथं बाईमाणसाला जायला जवळपास एकपण संडास नाही, हा विनोद मी अप्पांना सांगितला, ते हसले नाहीत.

सर्व्हर डाऊनचा दोष मात्र दुकानाला देणार नाही. २८ ला दुपारी दीडला आमचं पान लोड व्हायला लागलं ते गोल गोल फिरतच राहिलं. संध्याकाळपर्यंत आमचा फॉर्म अर्धाच. लोक अप्पांवर ओरडायले, जसं काय अप्पांनीच वायर काढून ठेवलीय. सगळ्या राज्यात तीच बोंब होती. शेवटी फॉर्म हातानं लिहून ऑफलाइन घ्यायची परवानगी निघाली अन् ३० तारखेला वेळ साडेपाचपर्यंत वाढवून दिली. ही बातमी कळल्यावर अप्पांनी काय केलं तर कोऱ्या फॉर्मच्या गठ्ठ्यानं प्रती काढल्या अन् ज्यांचे ऑनलाइनचे पैसे घेतले होते त्या सगळ्यांना फोन करून बोलावून पुन्हा पैसे न घेता हातानं भरून दिले. माझा फॉर्म तसाच गेलाय, निळ्या पेननं, अप्पांच्या वळणदार अक्षरात. त्यांचं अक्षर म्हणजे पाटीवर गिरवल्यासारखं. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या टेबलवर पाच वाजायला दहा मिनिटं कमी असताना दिला.

मला चिन्ह मिळालं कपबशी. प्रचाराचं जास्त सांगत नाही, तो सगळ्यांना माहीतच असतो. एवढंच की त्या वर्षी मतदान १५ जानेवारीला, आदल्या दिवशी संक्रांत, अन् त्याच्या आदल्या दिवशी येळवस, म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या, शेतात जाऊन पूजा अन् जेवणाचा सण. म्हणजे अख्खं गाव शेतात. कोपी (कडब्याची खोप) घातलेली, पूजेची पांडवं मांडलेली, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. बाकीचे उमेदवार गाडीतून भोंगा लावून फिरले, मी अन् आई चालत. प्रत्येक कोपीवर घासभर खाल्ल्याशिवाय कुणी सोडंना, संध्याकाळी मला आंबिलीनं इतकं जड झालं की शेवटच्या दोन वस्त्यांवर आईच बोलली. तीच आई, जिला बोलायला येत नाही असं सगळ्यांचं मत. १८ तारखेला मोजणी झाली, ११ मतांनी आले.

खर्चाचं लिहिते कारण पोरं इथंच मार खातात. आमची नऊ सदस्यांची ग्रामपंचायत, त्याला तेव्हा सदस्याची खर्चाची मर्यादा २५ हजार होती. मोठ्या गावाला जास्त असते. माझा खर्च सात हजारांच्या आत, त्यात पण निम्मा पॅम्प्लेट अन् डिझेल. फॉर्म दिला त्याच दिवशी अप्पांनी शंभर पानी वही दिली, वीस रुपये घेतले, अन् म्हणले चहाचा कप जरी पाजला तरी यात लिही, पावती चिकटव. निकालानंतर ३० दिवसात हिशोब द्यायचा असतो अन् तो हरलेल्यानं पण द्यायचा असतो. हे हरलेली पोरं विसरतात. डिपॉझिट गेलं, तोंड लपवून पुण्याला निघून गेली, हिशोब कोण देणार. न दिल्यास पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. म्हणजे पुढच्या वेळेला तयारी करून उभं राहायचं म्हणलं तर दारच बंद. अप्पांकडं हरलेल्यांची एक यादी भिंतीवर लावलेली असते, हिशोब बाकी म्हणून, जसं किराणावाला उधारीची लावतो तसं. फोन करकरून बोलावतात. या कामाचे पैसे घेत नाहीत ते. का घेत नाहीत विचारलं तर म्हणले, हरलेलं गिऱ्हाईक पुन्हा येतं.

निवडून आल्यावर दुकानाशी संबंध संपंल असं वाटलं होतं. उलट वाढला. पहिल्या मीटिंगला प्रोसिडिंगवर (मीटिंगच्या इतिवृत्तावर) सही करा म्हणून रजिस्टर पुढं सरकवलं, वर काहीच लिहिलेलं नाही, कोरं. मी म्हणलं आधी लिहा मग करते. सगळे एकमेकांकडं बघायले. ती हिंमत माझी नव्हती, अप्पांनी आदल्या दिवशी सांगून पाठवलं होतं: कोऱ्या पानावर सही म्हणजे कोरा चेक. मग त्यांनी ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाइटवरून आमच्या गावाचा आराखडा अन् खर्च कसा बघायचा ते दाखवलं. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात बंधित अन् अबंधित असं असतं, बंधित म्हणजे पाणी अन् स्वच्छता यावरच खर्च करायचा, ते दुसरीकडं वळवता येत नाही, हे मला ग्रामसेवकांच्या आधी अप्पांनी सांगितलं. १४ पानांची प्रिंट काढून दिली, २८ रुपये, इथं मात्र एक रुपया सोडला नाही. त्या प्रिंटवर आमच्या वार्डातली एक नाली दोनदा झालेली होती. प्रत्यक्षात एकदाच, ती पण अर्धी. ती प्रिंट मी ग्रामसभेत वाचून दाखवली. पुढं काय झालं तो वेगळा विषय, पण उरलेली अर्धी नाली आता आहे.

ग्रामसभेचं पण असंच. मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, जे कमी असंल तेवढी माणसं लागतात. आमच्याकडं पहिल्या सभेला एकतीस आले, सभा तहकूब. पोरं पारावर बसून मोबाईलवर गेम खेळूलालती, ग्रामपंचायतीपासून चाळीस पावलांवर. त्यांना म्हणलं चला, तर म्हणले आमचं काय काम तिथं. आता त्यातलीच सहासात जण येतात, कारण व्यायामशाळेचा विषय निघाला होता अन् तो त्यांच्याशिवाय पास झाला असता, गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिकडं संभाजीनगरजवळ पाटोद्याचं उदाहरण सगळे देतात, तिथले माजी सरपंच भास्करराव पेरे पाटलांचं, कर भरणाऱ्याला वर्षभर दळण फुकट. भाषण ऐकायला पोरं व्हॉट्सअपवर तासभर घालवतात, अन् आपल्या गावच्या सभेला वीस मिनिटं बसायचं म्हणलं की यांना कंटाळा. असो.

अप्पांशी माझं एका गोष्टीवरून जमत नाही तेपण सांगते. त्यांना बिनविरोध निवडणूक अजिबात सहन होत नाही. मला वाटतं छोट्या गावात भांडणं टळत असतील तर काय हरकत आहे, लोक एकत्र बसून ठरवत असतील तर. ते म्हणतात बसतं कोण? ज्यांच्याकडं खुर्ची आहे ते बसतात अन् पोरांना सांगतात तुझा नंबर पुढच्या वेळेला. २०२१ ला नाशिक जिल्ह्यातलं उमराणे अन् नंदुरबारचं खोंडामळी इथं सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं निघालं अन् निवडणूक आयोगानं तिथली निवडणूकच रद्द केली, ते कात्रण त्यांनी काचेखाली ठेवलंय. कुणी बिनविरोधचं बोललं की बोट ठेवून वाचायला लावतात. मला हे थोडं अति वाटतं. सगळीच गावं तशी नसतात. पण गेल्या वेळेला मी पॅनलचं ऐकलं असतं तर आमच्या वार्डात बिनविरोधच होणार होतं, हे पण खरं, म्हणून मी वाद जास्त वाढवत नाही.

कुणी जावं: ज्याला पहिल्यांदा उभं राहायचंय, ज्याच्या मागं वकील नाही, पुढारी नाही, त्यानं. जुन्या खोडांनी जाऊ नये, त्यांना तिथं भाव मिळत नाही, अप्पा त्यांना म्हणतात तुमचं तोंडपाठ आहे, बाजूच्या सेंटरला जा. कधी जावं: शेवटच्या दोन दिवसात अजिबात नाही. खरं तर तारखा लागायच्या आधीच जा, कारण व्हॅलिडिटी, थकबाकी अन् बँक खातं याला वेळ लागतो, अन् राष्ट्रीयीकृत बँकेत निवडणुकीच्या आठवड्यात खातं उघडायला गेलात तर काय होतं ते अनुभवूनच बघा. सकाळी दहाच्या आत जा, नंतर लाईट जाते अन् इन्व्हर्टर फक्त एका कॉम्प्युटरला जोडलेला आहे. पाण्याची बाटली न्या. बायकांनी घडीची खुर्ची नेली तरी चालंल, मी गंमत नाही करत.

मागच्या महिन्यात धाकट्या भावाला घेऊन गेले होते. त्याला अठरा पूर्ण झाले, मतदार यादीत नाव घालायचा सहा नंबरचा फॉर्म भरायचा होता. ग्रामपंचायतीला वेगळी यादी नसते, विधानसभेचीच यादी वार्डावार फोडतात, त्यामुळं तिथं नाव नाही तर इथंही नाही. आता अठरा पूर्ण धरायच्या वर्षातून चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, त्यामुळं जानेवारीची वाट बघत बसायचं काम नाही. भाऊ मोबाईलवर स्वतःच भरतो म्हणत होता अन् भरता येतो पण, मीच म्हणलं चल, एकदा अप्पांना भेटून ये. अप्पांनी फॉर्म भरून दिला, पैसे घेतले नाहीत, फोटो नीट नव्हता तर परत काढायला लावला. मग त्याला विचारलं, एकवीस कधी पूर्ण? त्यानं तारीख सांगितली. अप्पांनी वहीत लिहून घेतली, नाव, गाव, वार्ड, मोबाईल नंबर. त्या वहीत वर बघितलं तर पानभर नावं, सगळ्यांच्या पुढं एकेक तारीख. भाऊ बाहेर आल्यावर म्हणला, दीदी हे काय एलआयसीवाले आहेत का?

चार स्टार. पोऱ्या अजून तिथंच कामाला आहे.